कल आणि कटिबंध

इंग्रजीतील 'क्लायमेट' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक 'क्लिमा' हा शब्द आहे. त्याचा अर्थ कल, उतार. विषुववृत्तावर ऊन प्रखर आणि ध्रुवांकडे मंद का, याचे कारणच या शब्दात साठवलेले आहे. किरण लंबरूप पडले की उष्णता थोड्या जागेत एकवटते. तिरपे पडले की पसरते. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असेल, तर तेवढ्याच किरणांना दुप्पट भूमी तापवावी लागते. आपले ज्योतिषीही हा कल जाणत होते. विषुवदिनी बारा अंगुळे शंकूची मध्यान्हछाया, म्हणजे पलभा, मोजून ते स्थळाचे अक्षांश काढीत.

ग्रीकांचे कारण अचूक होते. निष्कर्ष मात्र फसला. इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने दोन अयनवृत्तांमधला पट्टा उष्णतेमुळे वस्तीस अयोग्य ठरवला. आपला 'कटिबंध' हा शब्दही याच विचारपरंपरेची आठवण देतो, कारण ग्रीक 'झोने' म्हणजे कमरपट्टाच. अवघा महाराष्ट्र याच पट्ट्यात येतो. आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथातच पैठण ही गजबजलेली व्यापारपेठ म्हणून भेटते!

1693 मध्ये एडमंड हॅले याने केवळ कलावर न थांबता दिनमानही हिशेबात धरले. तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. उत्तरायणाच्या अखेरच्या दिवशी उत्तर ध्रुवाला चोवीस तासांत विषुववृत्ताहून एक तृतीयांशाने अधिक ऊन मिळते, कारण तेथे सूर्य मावळतच नाही. परंतु पुढे सहा महिन्यांची रात्र असते. त्यामुळे वर्षभराचा हिशेब केला, तर ध्रुवाच्या वाट्याला विषुववृत्ताच्या सुमारे दोन पंचमांश ऊन येते. त्यातलेही बरेचसे बर्फ परावर्तित करते.

अशा रीतीने उन्हाचे गणित सुटले, तरी माणसांविषयीचा जुना निवाडा सुटला नाही. 1748 मध्ये मॉन्तेस्क्यूने आपल्या कायदेविषयक ग्रंथात उष्ण प्रदेशांतील माणसे स्वभावतःच दुर्बळ व भित्री ठरवली. 'निर्जन' पट्टा आता 'निःसत्त्व' झाला, एवढाच फरक. वसाहतकाळातील लेखनात हा सूर पुढेही ऐकू येतो.

म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने 'या मातीचा स्वभाव', 'या हवेचा गुण' अशी वाक्ये वाचताना थोडे थबकावे, असे आम्हांला वाटते. अक्षांशावरून उन्हाचा कल सांगता येतो. माणसाच्या मनाचा कल त्यावरून सांगू पाहणाऱ्याकडे मात्र पुरावा मागावा.