न दिसणाऱ्या यंत्राचं शिक्षण: सबसी इंजिनिअर कसा घडत गेला?



एम.एस्सी. झाल्यावर मी पीएच.डी.चा पहिला आराखडा लिहिला. विषय होता समुद्रातल्या ड्रिलिंग रिगवरच्या तंत्रज्ञांचं प्रशिक्षण. कोणता कोर्स किती दिवसांचा, कोणतं प्रमाणपत्र कोण देतं, अशी यादी मी बारा पानं भरून केली होती. गाइड मॅडमनी पानं चाळली आणि एवढंच विचारलं, "हे शिकवायला हवं असं कुणाला, कधी आणि का वाटलं?" मला उत्तर देता आलं नाही आणि आराखडा परत आला.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या आराखड्याच्याच मागे असतील. म्हणून आज सबसी इंजिनिअर या पेशाचा इतिहास सांगतो आणि त्या प्रश्नानं माझी वाट कशी बदलली तेही सांगतो.

झाकण डोळ्यांसमोर होतं तेव्हा

१० जानेवारी १९०१. अमेरिकेत टेक्सासमधल्या स्पिंडलटॉप इथं विहीर खोदताना तेल उसळून वर आलं आणि नऊ दिवस थांबलं नाही. जमिनीखालचा दाब विहिरीतल्या चिखलाच्या, म्हणजे ड्रिलिंग मडच्या, दाबापेक्षा जास्त झाला की तेल आणि वायू असे वर धावतात. यालाच ब्लोआउट म्हणतात.

यावर उपाय आला १९२२ मध्ये. जेम्स अबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन या दोघांनी विहिरीच्या तोंडावर बसवायचं एक यंत्र तयार केलं. दोन्ही बाजूंनी लोखंडी ठोकळे आत सरकतात, पाइपला घट्ट धरतात आणि विहिरीचं तोंड बंद करतात. या ठोकळ्यांना रॅम म्हणतात आणि यंत्राला ब्लोआउट प्रिव्हेंटर. आपण पुढे बीओपी म्हणू.

जमिनीवरच्या रिगवर हा बीओपी कामगारांच्या पायाखाली, हाताच्या अंतरावर असतो. गळती डोळ्यांना दिसते, बोल्ट सैल असेल तर हाताला कळतं. त्यामुळे शिक्षणही तसंच होतं. नवा पोरगा जुन्या उस्तादाच्या हाताखाली लागायचा आणि बघत बघत तयार व्हायचा.

झाकण समुद्राच्या तळाशी गेलं

उथळ समुद्रात रिग पायांवर उभी राहते, त्यामुळे बीओपी वर डेकपाशीच ठेवता येतो. खोल पाण्यात मात्र रिग तरंगती असते. ती लाटांबरोबर वरखाली होते, विहीर मात्र जागची हलत नाही. म्हणून बीओपी तळाशी, विहिरीच्या तोंडावर बसवतात आणि तिथून वर रिगपर्यंत रायझर नावाचा मोठा पाइप येतो. मला विचाराल तर सबसी इंजिनिअर हा वेगळा माणूस इथं जन्माला येतो. यंत्र पाण्याखाली उतरलं की त्याच्या हातात उरतात ते दाबमापक, पॅनेलवरचे दिवे, नकाशे आणि पुढच्या काळात पाण्याखालच्या रोबोचा कॅमेरा. बीओपी वर डेकवर असताना त्यानं जे तपासलं, त्याच्या भरवशावर पुढचे कित्येक आठवडे काम चालतं.

१९६२ मध्ये शेल कंपनीनं मेक्सिकोच्या आखातात 'ब्लू वॉटर १' ही अर्धबुडी तरंगती रिग सुमारे ३०० फूट पाण्यात चालवून दाखवली. त्या काळासाठी ही मोठी झेप होती. पण खरी गंमत पुढे आहे. १९६३ च्या सुरुवातीला शेलनं चक्क प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी तीन आठवड्यांची शाळा भरवली. तरंगत्या रिगवरून खोदायचं कसं, विहिरीचं तोंड तळाशी ठेवायचं कसं, हे तिथं शिकवलं. फी होती प्रत्येक कंपनीला एक लाख डॉलर.

आपलं गुपित शेलनं का विकलं असेल? थांबा, उत्तर वाचण्याआधी स्वतः विचार करून बघा.

उदारपणा हे त्याचं कारण नव्हतं. खोल पाण्यातले पट्टे सरकारनं लिलावाला काढायचे, तर बोली लावणारे अनेक जण हवे होते. आणि एकाच गिऱ्हाइकासाठी नवी महागडी यंत्रं बनवायला पुरवठादार तयार होत नसत. शेलला बाजार हवा होता आणि बाजार उभा करायला शिकलेली माणसं हवी होती. मॅडमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला इथं सापडलं. प्रशिक्षण कधी कधी धंद्याच्या गरजेतून जन्मतं.

बघून शिकणं अपुरं पडतं तेव्हा

दुसरं उत्तर जास्त कडू आहे. १५ फेब्रुवारी १९८२ ला कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ 'ओशन रेंजर' ही तरंगती रिग वादळात बुडाली. रिगवरचे सगळे, ८४ जण, मेले. लाटेनं कंट्रोल रूमच्या खिडकीची काच फुटली आणि बॅलास्ट पॅनेलवर खारं पाणी पडलं. बॅलास्ट म्हणजे रिग समतोल ठेवण्यासाठी टाक्यांत घ्यायचं पाणी. पॅनेल बिघडल्यावर व्हॉल्व्ह हातानं चालवण्यासाठी पितळी सळ्या होत्या, पण त्या नेमक्या कशा काम करतात हे तिथल्या माणसांना नीट माहीत नव्हतं. चौकशी आयोगानं रचनेतल्या दोषांबरोबर प्रशिक्षणाच्या अभावावरही बोट ठेवलं. हे काम लोक शेजारच्याचं बघून शिकले होते. रोजचं काम त्यातून येत होतं, पण ती रात्र रोजची नव्हती.

ही बीओपीची गोष्ट नाही हे खरं. पण पॅनेलच्या अलीकडे बसलेला माणूस आणि पलीकडे न दिसणारं यंत्र, ही जोडी तीच आहे.

कागद आणि लोखंड

आता २० एप्रिल २०१० कडे येऊ. मेक्सिकोच्या आखातातली मॅकोंडो विहीर, पाण्याची खोली सुमारे १५०० मीटर, रिग 'डीपवॉटर होरायझन'. त्या रात्री स्फोटात ११ जण गेले आणि पुढे ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिलं. तळाशी ५७ फूट उंच, सुमारे ४०० टनांचा बीओपी बसवलेला होता. बनवणारी कंपनी होती कॅमेरॉन, म्हणजे १९२२ च्या त्याच जोडीचा वारसा.

या बीओपीला दोन नियंत्रण पॉड होते, एक निळा आणि एक पिवळा. रिगशी सगळा संबंध तुटला, तर पॉडनं स्वतःच्या बॅटरीवर पाइप कापणारा शिअर रॅम आपोआप बंद करायचा, अशी सोय होती. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं २०१४ मध्ये जे मांडलं, ते वाचून मी खुर्चीत सरळ झालो. निळ्या पॉडची एक वायर चुकीची जोडलेली होती, त्यामुळे बॅटरी आधीच उतरली होती. पिवळ्या पॉडच्या सोलेनॉइडमध्येही जोडणी चुकलेली होती, म्हणजे त्यातल्या दोन कॉइल एकमेकींना रद्द करणार होत्या. पण तिथलीही एक बॅटरी उतरलेली असल्यामुळे एक कॉइल गप्प राहिली आणि दुसरीनं काम केलं. म्हणजे एका चुकीनं दुसरी चूक झाकली! रॅम बहुधा हलला, पण पाइप वाकून बाजूला सरकलेला होता. तो नीट कापला गेला नाही.

याच यंत्राची २०११ मध्ये डीएनव्ही या संस्थेनं तपासणी केली होती. त्यांच्या मते रॅम बहुधा दोन दिवसांनी, २२ एप्रिलला बंद झाला. लोखंड एकच, अहवाल दोन, निष्कर्ष वेगळे. संशोधनात अशी जागा दिसली की तिथं थांबायचं असतं. आपला प्रश्न बहुतेक वेळा अशाच जागी लपलेला असतो.

आणखी एक गोष्ट. अपघातानंतर रोबो पाठवून बीओपी बंद करायचे प्रयत्न झाले. तेव्हा लक्षात आलं की नकाशा आणि प्रत्यक्ष यंत्र जुळत नाहीत. काही वर्षांपूर्वी एक रॅम फक्त चाचणीच्या कामासाठी बदलून घेतला होता. रोबो ज्या नळीतून दाब देत होता, ती त्या चाचणीच्या रॅमकडे जात होती. विहीर बंद करायला तो रॅम निरुपयोगी होता. मोलाचे दिवस वाया गेले.

ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेनं ड्रिलिंगचे नियम बदलले. समुद्रतळावरचा बीओपी चालवणाऱ्याला खोल पाण्यातल्या विहीर-नियंत्रणाचं शिक्षण तर हवंच, पण बीओपीच्या यंत्रणेचं आणि नियंत्रणप्रणालीचं सर्वांगीण ज्ञानही हवं, असं त्यात आलं. तरंगत्या रिगवर रोबो आणि तो चालवणारी प्रशिक्षित टोळी कायम हवी, हेही आलं. आज अभ्यासक्रमात या गोष्टी निमूटपणे एकेका ओळीत बसलेल्या दिसतात. माझ्या बारा पानांच्या यादीतही त्या होत्या. प्रत्येक ओळीमागे काय घडलं होतं, ते मात्र नव्हतं.

आपल्याकडे काय?

मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं ते 'सागर सम्राट'वरून. ती पायांवर उभी राहणारी जॅक-अप रिग होती आणि तिथं पाणी साधारण ७५ मीटर. अशा रिगवर बीओपी वरच असतो, म्हणजे समुद्रात काम असूनही 'सबसी'ची गरज पडत नाही. 'ऑफशोअर' आणि 'सबसी' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. व्हायवात हमखास पकडतात, स्वानुभव आहे! ओएनजीसीची ड्रिलिंग शिकवणारी संस्था डेहराडूनला आहे आणि सुरक्षेचं प्रशिक्षण देणारी संस्था गोव्यात बेतूलला. आपल्याकडच्या खोल पाण्यातल्या कामासाठी माणसं कशी घडली, हा प्रश्न कुणाला विषय म्हणून हवा असेल तर खुशाल घ्या.

आता तुमच्या आराखड्याकडे वळा. तुमच्या विषयातला एखादा नियम, प्रमाणपत्र किंवा अभ्यासक्रम उचला आणि त्याच्यापुढे तीन रकाने आखा: हा कधी आला, त्याच्या आधी काय बिघडलं होतं, आणि हे बिघडलं असं कोण म्हणतं. तिसरा रकाना भरताना दोन कागद एकमेकांशी भांडायला लागले, तर घाबरू नका. माझा दुसरा आराखडा तिथूनच सुरू झाला आणि तो परत आला नाही.