पेढीवरची उमेदवारी

महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी मुंबईच्या गुंतवणूक बँकेत शिकाऊ जागा शोधणारा मोहगावचा विद्यार्थी अगदीच नवी वाट चालतो, असे नव्हे. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, त्यापूर्वीपासून सरकारी दफ्तरांत व सावकारी पेढ्यांवर ‘उमेदवार’ बसत असत. शब्द फारसी, अर्थ, आशेवर असलेला. वेतन बहुधा नसेच. मोडी वळण गिरवावे, खतावणी घालावी, दर्शनी व मुदती हुंडीतील भेद जाणावा. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ व तीही हरवल्यास ‘परपेठ’ लिहितात, हे पाहून शिकावे.

परंतु पेढीचे दार ओळखीने उघडे, आणि टिके तो, ज्याला घर पोसू शके. निराधार मुलाची हुशारी उंबरठ्याबाहेरच राही. सोराबजी पोचखानावाला यांनी निराळा मार्ग धरला. चार्टर्ड बँकेत कारकुनी करीत असतानाच त्यांनी लंडनच्या बँकर्स संस्थेची परीक्षा दिली. पुढे १९११ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सेंट्रल बँक निघाली.

आज बड्या संस्था बहुधा वरच्या वर्गांतील विद्यार्थी घेतात, आणि ओळखीचे वजन अजून सरलेले नाही. मात्र सनदी लेखापालाच्या हाताखालची उमेदवारी परीक्षेने मिळते, तिला विद्यावेतन नियमानेच द्यावे लागते. आणि ताळेबंद वाचावयास शिकण्यासाठी मोहगावच्या मुलाला नागपूरच्या पलीकडे जावे लागत नाही.