थव्याचें गणित

हिवाळ्यांत देशावर ज्वारीचीं कणसें भरूं लागलीं कीं भोरड्यांचे थवे येतात. सायंकाळीं हजारों पांखरें एकाएकीं वळतात, ढगाप्रमाणें आकसतात, पुन्हां पसरतात. आणि त्यांस हुकूम देणारा सेनापति मात्र कोठेंही दिसत नाहीं.

भोरड्यांची विलायती भावंडें जीं स्टार्लिंग पांखरें, त्यांचें हेंच कोडें एडमंड सेलूस या इंग्रज पक्षिनिरीक्षकानें वर्षानुवर्षें टिपणें करून पाहिलें. पांखरांत विचारसंक्रमण होत असावें काय, असा तर्क त्यानें १९३१ सालीं ग्रंथरूपानें मांडला. आज त्यास हंसणें सोपें आहे. परंतु ग्रंथाच्या नांवांतच त्यानें प्रश्नचिन्ह घातलें होतें, हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

गणिताचा हात या कोड्यास लागला तो बऱ्याच उशिरां. १९८२ मध्यें जपानांत इचिरो आओकी यांनीं माशांच्या झुंडीचें गणित संगणकावर मांडलें. १९८७ मध्यें अमेरिकेंत क्रेग रेनॉल्ड्स यांनीं, तेंही चलच्चित्रांच्या सोयीसाठीं, प्रत्येक कल्पित पक्ष्याला तीनच नियम दिले: शेजाऱ्यावर आदळूं नये, त्याच्या वेगानें व दिशेनें चालावें, सोबत सोडूं नये. पडद्यावर हुबेहूब थवा उडूं लागला! १९९५ मध्यें बुडापेस्टचे तामाश विचेक व त्यांचे सहकारी यांनीं एकच नियम उरविला. ठराविक अंतराच्या आंतील शेजाऱ्यांची सरासरी दिशा धरावी, आणि तींत थोडी चूक होऊं द्यावी. गर्दी वाढली अथवा चूक घटली कीं, एका मर्यादेपलीकडे सारा समुदाय एकदम एका दिशेनें वाहूं लागतो. २००६ मध्यें वाळवंटी टोळांचीं पिलें कंकणाकृति रिंगणांत सोडून पाहतां हेंच प्रत्ययास आलें. थोडीं असतां सैरावैरा, दाटी होतांच एकाच बाजूस कूच. तीं चालतात कां, हें मात्र समीकरणांत नव्हतें. मागच्यानें लचका तोडूं नये म्हणून पुढचा पळतो, असें २००८ मध्यें दिसून आलें.

नटानें राजाचा वेष घेतला म्हणून त्यास राज्य मिळत नाहीं. पडद्यावरच्या थव्याचेंही तेंच. खऱ्या पांखरांची मोजदाद झाली ती रोममध्यें. तेथील मुख्य रेल्वे स्थानकाजवळच्या मास्सिमो वाड्याच्या गच्चीवरून कॅमेरे रोखून इटालियन शास्त्रज्ञांनीं हजारों स्टार्लिंगांचीं स्थानें निश्चित केलीं. त्या मंडळींत पुढें २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे जॉर्जो पारिसी होते. २००८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष विचेकच्या ठराविक अंतराला धक्का देणारा निघाला. पांखरूं अंतर मोजीत नाहीं. जवळचे सहा-सात शेजारी, मग ते दाट असोत वा विरळ, तेवढ्यांकडेच त्याचें लक्ष असतें. त्या शास्त्रज्ञांच्या मतें याचमुळें ससाणा थव्यांत शिरून पांखरें फांकलीं तरी परस्परांचें नातें तुटत नाहीं, आणि तो पुढें निघून जातांच थवा पुन्हां जुळतो.