बिसिनोसिस : रुग्णाने काय सांगावे?

परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे थांबले. परंतु तेथे आयुष्य वेचलेल्या कामगारांचा दम लागण्याचा विकार हा प्रत्येक वेळी साधा दमा असतोच असे नाही. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याचे निदान मुख्यत्वे रुग्णाच्या हकिकतीवर अवलंबून असते.

सोमवारचा आजार

साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतताच छाती आवळल्यासारखी वाटते, खोकला येतो आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटते, ही या आजाराची पहिली खूण. पुढे हा त्रास आठवडाभर टिकू लागतो आणि अखेरीस कायमचा होतो. ब्लोरूम व कार्डिंग या खात्यांत धूळ सर्वाधिक असल्याने तेथे धोकाही अधिक. धूम्रपानाने त्यात भर पडते.

एक्स-रेमध्ये या आजाराची अशी खास खूण दिसत नाही. ब्रिटनमधील डॉ. शिलिंग यांनी त्याची प्रतवारी केली, ती त्रास आठवड्याच्या कोणत्या दिवशी होतो यावरूनच. ‘तुमचा धंदा कोणता?’ हे रुग्णाला विचारावे, असे इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले. गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न राहून जाऊ शकतो. अशा वेळी तो न विचारताही उत्तर देणे रुग्णाच्या हिताचे ठरते.

नोंदीचे महत्त्व

मुंबईतील एका कापड गिरणीत बिसिनोसिस आढळल्याचा डॉ. व्ही. मुरलीधर व सहकाऱ्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात हा व्यवसायजन्य आजार म्हणून समाविष्ट केला गेला. पात्र विमाधारकास त्यापोटी अपंगत्वलाभ मिळू शकतो. मात्र केसपेपरवर नुसते ‘दमा’ लिहिले गेल्यास गिरणीचा संबंध कागदावर उरत नाही आणि दावा दुबळा होतो.

तपासणीला जाताना

* गिरणी, खाते, पाळी आणि नोकरीची वर्षे एका कागदावर लिहून न्यावीत.
* त्रास कधी सुरू झाला, सुट्टीत कमी होत असे काय, हे प्रारंभीच सांगावे.
* ही माहिती केसपेपरवर नोंदवण्याची नम्रपणे विनंती करावी.
* ओळखपत्र, विमा क्रमांक, जुने एक्स-रे व श्वासचाचणीचे अहवाल तारखेनुसार लावावेत.
* औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवाव्यात. निदानाविषयी शंका असली तरी चालू औषधे परस्पर थांबवू नयेत.
* सूचना नीट न कळल्यास पुन्हा विचारावे. शक्य असल्यास घरचे माणूस बरोबर न्यावे.

रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांवर घातले आहे. दाखल रुग्णाच्या नोंदी जपण्याची मुदत मात्र ३ वर्षेच आहे. बिसिनोसिसची कहाणी तर तीस-तीस वर्षांची असते. त्यामुळे प्रती वेळीच मागून घेणे आणि घरी जपणे हे काम रुग्णालाच करावे लागते.