परसातला अडुळसा

इतिहासाच्या व्याख्यानात राजे येतात, लढाया येतात, किल्ले येतात. आज मी एका झुडपाचा इतिहास सांगणार आहे. ते आपल्यापैकी अनेकांच्या परसात, विहिरीजवळ किंवा कुंपणाला होते. काहींकडे आजही असेल. ते झुडूप म्हणजे अडुळसा.

बेळगावात आपण अडुळसा म्हणतो, तर कानडी शेजारी आडुसोगे म्हणतात. गोव्यात तो अडुळसो, बडोद्यात अरडूसी, इंदूर-ग्वाल्हेरकडे अडूसा आणि हैदराबादेत तेलुगू मंडळींचा अड्डसरम्. मराठी कुटुंबे या गावांत जाऊन स्थिरावली तेव्हा बाजारातली भाषा बदलली, खोकल्याचे झुडूप मात्र ओळखीचेच निघाले.

त्याच्या शास्त्रीय नावातही दक्षिणेचा शब्द आहे. लिनियसने 1753 मध्ये या झुडपाला ‘जस्टिशिया अधाटोडा’ म्हटले. यातला ‘अधाटोडा’ हा तमिळ ‘आडातोडै’वरून आला. शेळीही ज्याला तोंड लावत नाही ते, असा त्याचा अर्थ सांगतात. शेळीने तोंड लावला नाही असा पालाच नाही, अशी कानडीत म्हण आहे. अडुळशाचा कडूपणा चाखला की हा अपवाद पटतो. याच कडूपणामुळे गुरे त्याला खात नाहीत, आणि म्हणून तो कुंपणाला लावला गेला. फळे साठवतानाही त्याचा पाला घालत, म्हणजे कीड लागत नसे.

संस्कृतात हा वासा किंवा वासक. चरकसंहितेत रक्तपित्तावरच्या उपचारांत तो आहे. वासा जवळ असताना आणि जगण्याची आशा असताना रक्तपित्ताच्या, क्षयाच्या किंवा खोकल्याच्या रोग्याने खचून का जावे, अशा अर्थाचे वचन वैद्यपरंपरेत प्रसिद्ध आहे. वैद्यांनी त्याचे वासावलेह, वासारिष्ट, वासाघृत केले. पाने कच्ची कुटली तर रस फार निघत नाही. म्हणून ती वाफवून किंवा पुटपाक करून पिळतात. घराघरांत तीच पद्धत तव्यावर पाने गरम करण्याच्या रूपाने उतरली. रस मधातून देण्याची सर्वत्र रीत. आम्हा जैनांच्या घरी मध वर्ज्य, म्हणून खडीसाखर. अनुपान बदलले, पान तेच राहिले.

एकोणिसाव्या शतकात हे पान प्रयोगशाळेत गेले. डेव्हिड हूपर यांनी 1888 मध्ये त्यातील अल्कलॉइड वेगळे काढले. वासकावरून त्याचे नाव ‘व्हॅसिसीन’ पडले. मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणारे विल्यम डायमॉक, तसेच वॉर्डन आणि हूपर या तिघांनी 1890 ते 1893 या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. देशी औषधींचे ज्ञान त्यात नीट नोंदले गेले. पुढे व्हॅसिसीनच्या रचनेवर काम करून जर्मनीत ब्रोमहेक्सीन तयार झाले आणि 1963 मध्ये बाजारात आले. शरीरात ब्रोमहेक्सीनपासून जो पदार्थ बनतो तो अँब्रॉक्सॉल, आणि तोही पुढे स्वतंत्र औषध झाला. कफ पातळ करणाऱ्या सिरपच्या बाटलीवर आज ही नावे वाचताना परसातले झुडूप कोणाला आठवत नाही. आमच्या होमिओपॅथीच्या ग्रंथांतही जस्टिशिया अधाटोडा आहे, सोबत ‘बासक’ हे त्याचे बंगाली नाव आहे.

आता इतिहासातला अवघड भाग. जुन्या ‘क्षय’ या शब्दात झिजवणारे अनेक आजार येत. कॉखने 1882 मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, पण त्यावर खात्रीचे औषध 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर मिळू लागले. तोवर अनेक घरांना अडुळशाचाच आधार होता. त्याने खोकल्याला उतार पडत असेल, घसा मोकळा होत असेल. जंतू मात्र तिथेच राहत. ब्रोमहेक्सीन व अँब्रॉक्सॉल क्षयाच्या जंतूची वाढ रोखतात असे 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. पण तो प्रयोग काचपात्रातला होता. त्यावरून काढ्याने क्षय बरा होतो असे म्हणता येत नाही. मी होमिओपॅथ आहे, तरीही स्पष्ट सांगतो: क्षयाच्या रोग्याने त्याच्या गोळ्यांचा पूर्ण क्रम घ्यावा. अडुळशासाठी त्या थांबवू नयेत, माझ्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांसाठीही नाही.

दुसरा इशारा गर्भवतींसाठी. व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत यावर बरेच काम झाले आणि अटल यांनी 1980 मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. म्हणून गर्भारपणात अडुळशाचा रस वा काढा घेऊ नये. ‘झाडपाला आहे, काय होणार?’ हा प्रश्न इथे महाग पडू शकतो.

मग परंपरेचे काय करायचे? ती आंधळेपणाने पाळायची नाही आणि फेकूनही द्यायची नाही. साध्या खोकल्याला दोन दिवस आजीचा काढा चालेल. खोकला दोन आठवड्यांहून लांबला, थुंकीत रक्त दिसले, ताप किंवा वजनातली घट सोबत आली, तर आधी थुंकीची तपासणी. आणि ज्यांच्या घरी पाने वाफवण्याची रीत, मापे, अनुपान अजून कुणाला आठवते, त्यांनी ती लिहून ठेवावी. बंगला पाडून फ्लॅट झाला की झुडूप जाते, आणि त्यामागोमाग ते कसे वापरायचे हे जाणणारी माणसेही जातात. झुडूप पुन्हा लावता येईल. माणसांसोबत गेलेली माहिती परत मिळवणे कठीण.