झडप फिरवणारा हात

मी कवितेचा माणूस. यंत्रांवर बोलायला बसलो म्हटल्यावर आमच्या मुकुटबनचे मित्र हसतील. पण गावात २०२२ साली मोठा सिमेंट कारखाना सुरू झाला आणि चहाच्या टपरीवर पोरांच्या तोंडी 'अॅक्च्युएटर' हा नवा शब्द आला. त्या शब्दाचा माग काढत मी निघालो आणि पोहोचलो थेट पुण्याच्या मुठा नदीवर.

पाणी, वाफ, हवा यांना वाट द्यायची की अडवायची, हे झडपेचे काम. त्याच झडपेला आपण व्हॉल्व्ह म्हणतो. पण झडप आपणहून हलत नाही. तिला फिरवणारा हात लागतो. नळ सोडणारा माणूस लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यातल्या खड्ड्याशी वाकतो, तो हा हात. नळ मोठा असला, आतला दाब वाढला, की एका माणसाचे बळ पुरत नाही. मग इतिहासात या हाताची निरनिराळी रूपे दिसू लागतात.

१९०३ साली खडकवासला धरणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आपली स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरलेल्या उंचीच्या वर गेले की दारे उघडायची, उतरले की मिटायची. ना माणूस, ना वीज. पाण्याच्याच जोरावर सारा कारभार. घरच्या किंवा मशिदीच्या टाकीत तरंगता गोळा नळ बंद करतो, त्याच जातीची ही कल्पना. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशी दारे बसली.

त्याच खोऱ्यात, वरच्या अंगाला, पानशेतचे मातीचे धरण बांधले जात होते. १९६१च्या पावसाळ्यात काम पुरे होण्याआधीच ते भराभर भरले. पाणी सोडण्याच्या मोरीला दारे होती, पण ती उचलणारी यंत्रणा अजून बसायची होती. दारे अर्धवट उघडी राहिली. अपुऱ्या मोरीतून पाणी धक्के देत धावले आणि भोवतालची माती खचू लागली. जवानांनी वाळूची पोती रचली, तरी १२ जुलैला धरण फुटले. लोंढ्यापुढे खालचे खडकवासलाही टिकले नाही. नदीकाठचे पुणे पाण्याखाली गेले. दार होते, ते फिरवणारा हात नव्हता. या एका वाक्यात त्या दिवसाची सगळी कारणे मावत नाहीत, पण त्यातले एक मोठे कारण नक्की मावते.

आमच्या पोरांचा अॅक्च्युएटर म्हणजे हाच हात, विजेचा. आत एक मोटर असते. ती फिरते वेगाने, पण तिचे बळ थोडे. दातेरी चक्रे तिचा वेग कमी करतात आणि त्या मोबदल्यात बळ कित्येक पट वाढवतात. त्या बळाने काही झडपांचा आट्यांचा दांडा अनेक फेऱ्यांत वर-खाली होतो, तर काही झडपा पाव फेऱ्यातच उघडतात. झडप शेवटाला पोहोचली की एक स्विच मोटर थांबवतो. मध्येच खडा अडकला आणि जोर प्रमाणाबाहेर वाढला, तर दुसरा स्विच तिला थांबवतो. नाहीतर दांडाच पिळवटायचा. झडप किती उघडली, याची वर्दी दूरच्या नियंत्रण कक्षात पोहोचते. बंद करण्याची गतीही बेतलेली असते, कारण धावते पाणी एकदम अडवले तर नळावर घणासारखा आघात होतो.

या यंत्राची मला सर्वांत भावलेली गोष्ट मात्र अगदी साधी आहे. बहुतेक अॅक्च्युएटरांच्या अंगावर एक हाताचे चाक ठेवलेले असते. वीज गेली की एक दांडी ओढायची आणि चाक फिरवून झडप उघडायची किंवा मिटायची. वेळ लागतो, घाम निघतो, पण झडप हलते. विजेवर चालणारे यंत्र घडवताना कारागिरांनी वीज जाईल हे गृहीत धरले, याला मी शहाणपण म्हणतो.

चाक आहे म्हणून भागत नाही. त्याला वंगण हवे, ते अधूनमधून फिरवून पाहायला हवे, आणि कोणत्या दिशेला उघडते हे रात्रपाळीच्या माणसाला ठाऊक हवे. आमची पोरे हे काम शिकताहेत. त्यांना कुणीतरी पानशेतची हकिकतही सांगावी, एवढेच मला वाटते.