मोगऱ्याचा भाव

आमचे बाबा मोगऱ्याची टोपली घेऊन विरारहून पहाटेची लोकल धरायचे. दादरला उतरेपर्यंत भाव कळायचा नाही. पडलेला असला तरी कळ्या परत आणून करणार काय? मिळेल त्या भावाला द्यायच्या.

३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. ही मोबाइलची दुसरी पिढी, टूजी. पहिली आपल्याकडे आलीच नाही. पण तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. आम्हा वाडीवाल्यांचं ते काम नव्हतं.

२००३ ला येणारा फोन फुकट झाला आणि मग आमच्या घरात मोबाइल आला. धाकटा भाऊ दादरहून मिस्ड कॉल द्यायचा. एकदा वाजला तर भाव बरा. दोनदा वाजला तर पडला, म्हणजे उद्या खुडायला बाई लावायची नाही, घरच्यांनीच कंबर मोडायची. एक पैसा न घालवता मजुरी वाचायची!

थ्रीजी आलं कधी नि गेलं कधी, आम्हाला कळलंच नाही. २०१६ ला जिओ आलं, फोरजी स्वस्त झालं, तसा मुलगा व्हॉट्सॲपवर भाव बघू लागला. पण व्यापारीही बघतोच की. कुणाकडे किती माल आहे ते त्याला आधीच ठाऊक, मग घासाघीस कसली करणार?

ऑक्टोबर २०२२ ला फाइव्हजी सुरू झालं. मुलाने तोही फोन घेतला. भाव आता घरबसल्या कळतो, पण खुडायला बाई मिळत नाही. काल रात्री तो त्याच फोनवरून दहा ठिकाणी विचारत होता.